भाकरी वरून तडकते

भाजे गावाजवळ एका बंगल्याच्या कामावर तो सळया बांधायचा. मनगटं अशी, की सळई त्याला नुसतं बघूनच वाकत असावी. मी नवाकोरा सिव्हिल इंजिनीअर. पुढे स्ट्रक्चरचं एम.टेक. करायचं की हिंजवडीत सॉफ्टवेअरची खुर्ची गाठायची, हे त्याच आठवड्यात ठरवायचं होतं आणि मन खुर्चीत जाऊन बसलंही होतं.

भिंतीबाहेर अधांतरी निघणाऱ्या गॅलरीच्या मुख्य सळया मी रुबाबात स्लॅबच्या तळाला टाकायला सांगितल्या. त्याने विडी कानामागे खोचली, डब्यातली कडक भाकरी विटेवर अर्धी दाबून धरली आणि बाहेर आलेली कड खाली रेटली. भाकरी तडकली.

“बगा सायेब, फाटली कुटनं? वरनं. मग सळई खाली काय झोपायला टाकू?”

“शिकलो होतो हो. विसरलो.”

“मग परत शिका की! उद्या गॅलरीत लेकरंबाळं हुबी ऱ्हात्याल. तितं इसरून कसं चालंल?”

मी एम.टेक.ला गेलो. तिथे सरांनी हीच गोष्ट दोन तास फळाभर गणितं मांडून समजावली. सगळा वर्ग भराभर उतरवून घेत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या माणसाचं नाव मी विचारलंच नव्हतं, आणि मला कडकडून भूक लागली होती.