एकनाथचे जॅकेट मी का कापले

एकनाथ गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मंगलने, केला तेव्हा मी बेलापूरला घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून पुणतांब्याला निघालो. हे सांगण्याचे कारण असे, की त्याच्या मृत्यूच्याही निरनिराळ्या कथा गेल्या महिन्याभरात मला ऐकाव्या लागल्या. शोकसभेत एका वक्त्याने ‘गोदामाईनेच आपल्या लेकराला बोलावून घेतले’ असे सांगून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. साफ खोटे. एकनाथ स्वतःच्या घरी, कोरड्या बाजेवर, हृदय थांबून गेला. पाण्याने आपल्याला न्यावे, अशी संधी त्याने पाण्याला कधीच दिली नाही. त्याचा खरा पराक्रम तोच.

दुसरी कथा पुराची. तरुणपणी त्याने भर पुरात उडी घेऊन दोघांना वाचवले, त्याला जॅकेटबिकेट लागतच नसे, असे आता जो तो सांगतो. एकनाथने उडी घेतली हे खरे. नदीवरची तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, त्याच्या घराकडे चालवायला होती आणि ती उलटली होती. पण त्याने आणला एकच माणूस. दुसऱ्याचा हात त्याच्या हातात आला होता... आणि ओला हात निसटला. “अंगावर धराया कायबी नव्हतं वो,” एवढेच तो मला एकदा म्हणाला, आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. पुढे पूल झाला, तर बंद पडली, आणि तो धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांच्या नौकाविहार केंद्रात लागला. साखर कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर मी तेथील इंजिने पाहू लागलो. आमची गाठ तेथे पडली.

नियमांचा फलक त्या केंद्रात आधीपासून होता, पण एकनाथचा भरवसा हातांवर. नवा चालक आला की त्याला तो अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात ढकलायचा, उलटी नाव सरळ करायला लावायचा, आणि अंग सैल सोडून स्वतः तरंगत राहून म्हणायचा, “आता मला वर घे.” प्रवाशालाही सुटका नसे. पट्टे बांधून झाले की जॅकेटच्या खांद्यांत दोन अंगठे अडकवून तो वर ओढायचा. जॅकेट कानापर्यंत सरकले, तर नाव सुटत नसे. “आम्हाला पोहता येतं,” असे एका बड्या पाहुण्याने ऐकवले, तेव्हा एकनाथ हात जोडून म्हणाला, “तुमाला येतं सायेब. पर बेशुद्ध मानसाला येत न्हाई.”

आता माझी चूक. इतरांच्या कथा खोडायच्या तर ती लपवता येणार नाही. एका हंगामापूर्वी सगळी जॅकेटे मी नुसती पाहून पास केली... रंग शाबूत, बक्कल घट्ट, आणखी काय हवे? एकनाथने प्रत्येक जॅकेटला, धड फोम पेलेल एवढीच, वाळूची पिशवी बांधून दिवसभर पाण्यात ठेवले. संध्याकाळी चार तळाशी. आतला फोम पाणी प्यायला होता. मी ओशाळून ती मागच्या भंगारात टाकली. पुढच्या रविवारी गर्दी झाली, जॅकेटे कमी पडली, आणि त्या चारांपैकी एक मला सुटलेल्या नावेतल्या लहान मुलीच्या अंगावर दिसले. एकनाथने शिट्टी फुंकून नाव परत बोलावली. मला म्हणाला, “फोरमनसायेब, फेकायचं न्हाई. कापायचं.” त्याच दिवशी मी भिंतीवर लिहिले: ‘बुडाले ते कापावे.’ अक्षर माझे, नियम त्याचा.

शोकसभेनंतर केंद्राने ठरवले, की एकनाथचे जुने जॅकेट धक्क्यावरच्या खुंटीला हार घालून टांगायचे. मंगल ते घेऊन आली. त्याच आठवड्यात तपासणी होती; मी म्हटले, हेही पाण्यात जाईल.

“काका, ती आठवन हाय,” व्यवस्थापक म्हणाले. “तिची कसली परीक्षा घेता?”

मी पिशवी बांधली. संध्याकाळी जॅकेट तळाशी होते.

“बुडू द्या की, कोन घालतंय त्ये!” व्यवस्थापक पुन्हा म्हणाले. त्या रविवारी नावेतल्या लहान मुलीच्या अंगावर दिसलेले जॅकेटही कोणी घालणार नव्हते, हे मी त्यांना ऐकवले. आवाज चढला, हे कबूल. मात्र एकनाथच्या मुलीपुढे कोयता मागण्याचे धैर्य मला होत नव्हते... तो तिनेच आणून माझ्या हातात दिला. “घ्या काका. आप्पांनी यवढा येळ लावला नसता.”

मी खांद्यांचे दोन्ही पट्टे कापले. ‘म्हाताऱ्याने मित्राच्या आठवणीवर कोयता चालवला,’ असे आता गावभर बोलले जाते. बोलोत. कोयता मी चालवला, आणि पुढच्या तपासणीलाही मीच जाणार आहे.

कापलेले जॅकेट आज त्या खुंटीला आहे. गेल्या रविवारी गर्दी होती. एक तरुण घाईघाईने आला, त्याने हार बाजूला सारून ते जॅकेट उचलले, डोक्यातून घालू लागला आणि थांबला. लोंबणारे पट्टे त्याने उलटसुलट करून पाहिले, जॅकेट खुंटीला परत लावले आणि रांगेत उभा राहिला. पुढची नाव आली, तेव्हा आता बापाच्या जागी धक्क्यावर काम करणाऱ्या मंगलने त्याला कोरडे, धड जॅकेट दिले, पट्टे बांधले, खांद्यांत दोन अंगठे अडकवले आणि वर ओढले.