लोतच्या काठाने, आई आजारी असताना

आई पुण्यात वारली तेव्हा मी फ्रान्समध्ये लोत नदीच्या काठाने सायकल चालवत होतो. ती आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या मित्राला माहीत होतं. आमच्या दोघांत फार तर दोन बसच्या लांबीइतकं अंतर असे.

दोन हजारच्या दशकाचा मध्य होता. मी लीड्सला एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो, एकटा राहत होतो. मित्र तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. दोघंही पुण्याचे, पण ओळख झाली ती लीड्समधल्या गणपतीत, खुर्च्या उचलताना. यॉर्कशरमधले रस्ते पालथे घालून झाल्यावर आम्ही फ्रान्सकडे वळलो. उत्तर इंग्लंडमधून तेव्हा एक बस निघत असे, मागे सायकलींसाठी ट्रेलर लावलेली. सायकली चढवायच्या, रात्रभर बसायचं, दक्षिण फ्रान्समध्ये उतरायचं. ठरलेल्या दिवशी तीच बस परत आणायची.

माझा मोबाइल ऑफिसचा होता आणि परदेशात वापरायला मनाई होती, म्हणून तो मी टेबलाच्या खणात ठेवून आलो. घरी मित्राचा नंबर दिला. घरी म्हणजे दादाकडे, माझ्या मोठ्या भावाकडे. आई त्याच्याकडे असे.

इथे एक पद्धत सांगायला हवी. घरची वाईट बातमी परदेशातल्या माणसाला वेळेवर कळवायची नसते. त्याची परीक्षा असते, बायको गरोदर असते, नोकरी नवी असते, सुट्टी चालू असते. सगळं पार पडलं की मग सांगतात, तेही 'आता बरं आहे' इथपासून सुरुवात करून. लीड्समधल्या एका बालरोगतज्ज्ञाला वडिलांची बायपास झाल्याचं पुतण्याच्या मुंजीत कळलं. वडील सोवळं नेसून, उघड्या अंगाने पाटावर येऊन बसले तेव्हा छातीवरचा व्रण दिसला. हा किस्सा तो स्वतःच सांगत असे आणि ऐकणारे हसत. बहुतेकांकडे असा एखादा किस्सा होता. माझ्याकडे नव्हता.

आम्ही फिजाकला उतरलो, जवळच लोतचा काठ गाठला आणि नदीच्या प्रवाहाबरोबर काओरकडे निघालो. लोत ही घाई नसलेली नदी आहे. ती चुनखडीच्या कड्यांमधून इतकी वळणं घेते की सकाळी उजवीकडे दिसलेला मनोरा दुपारी डावीकडे दिसतो. काठाला अक्रोडाच्या बागा, तंबाखू वाळवायच्या जुन्या लाकडी वखारी, बंद पडलेल्या गिरण्यांचे बांध. गावं कड्याला चिकटलेली. रस्ता नदीकाठाने सपाट जातो, पण गाव बघायचं तर चढावं लागतं. दुपारी सगळ्या खिडक्या बंद असतात आणि बेकरीही. पर्यटन खातं याला शांतता म्हणतं. तरुण माणसं निघून गेलेली असतात, हे त्याचं खरं कारण. प्रत्येक चौकात महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगड असतो आणि त्यावर गावात आता राहत असतील त्याहून जास्त नावं दिसतात.

पहिल्या मोठ्या चढावर मी उतरून सायकल ढकलू लागलो. मित्र वर जाऊन कठड्यावर बसला होता.

"काय संपादक, मथळा सुचला का?" तो वरून ओरडला. "पुणेकराने फ्रान्समध्ये सायकलीला फिरायला नेलं."

"तुझे पेशंट झोपलेले असतात म्हणून तुझे विनोद खपतात," मी म्हणालो.

"झोपलेले बरे. तुझे वाचक जागे राहून झोपतात."

रविवारी एका गावातल्या फोन बूथवरून, कार्ड घालून, मी पुण्याला फोन केला. दर रविवारी करत असे. दादाने उचलला.

"आई कुठाय?"

"देवळात गेलीय. कीर्तन आहे. तू कसा आहेस? पाऊस?"

"नाही, ऊन आहे. तिला सांग फोन आला होता म्हणून."

"सांगतो. तू निवांत फिरून ये रे. इकडची काळजी करू नकोस."

त्या वेळी आई आमच्या घराजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात, न्यूमोनिया म्हणून, आदल्या दिवसापासून दाखल होती. दादा फोन घ्यायला घरी आला होता. माझी रविवारची वेळ त्याला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीकाठी एका चिनाराच्या झाडाखाली पाव, चीज आणि पुण्याहून आलेली शेंगदाण्याची चटणी खात होतो. मित्राचा फोन वाजला. नंबर बघून तो उठला आणि बांधापर्यंत चालत गेला. बराच वेळ तो पाठमोरा उभा होता. परत आला तेव्हा मी विचारलं.

"हॉस्पिटल," तो म्हणाला. "रोटाची भानगड."

यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या हॉस्पिटलात रोटाची, म्हणजे ड्यूटीच्या पाळ्यांची, भानगड नेहमीच असे.

त्यानंतर त्याच्या वागण्यात जो बदल झाला तो मला तेव्हाही दिसला, फक्त त्याचा अर्थ मी वेगळा लावला. त्याने टोमणे मारणं थांबवलं. चढावर तो पुढे जाईना, माझ्या मागे राहू लागला. माझी पाण्याची बाटली न सांगता भरून आणू लागला. एका ठिकाणी माझ्या मागच्या पिशवीचा हूक निसटला, तर मी उतरायच्या आत त्याने तो बसवला. मला वाटलं, त्याचं घरी काही बिनसलं आहे, आणि मी त्याच्याशी सांभाळून बोलू लागलो. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांना जपत त्या सुंदर दरीतून गेलो.

"तू ठीक आहेस ना?" मी एकदा विचारलं.

"मी? मला काय धाड भरलीय," तो म्हणाला आणि गिअर बदलला.

बुधवारी कड्यावरच्या एका गावात आम्ही चर्च बघायला शिरलो. मित्र देवळात गेला तर चपला सांभाळत बाहेर बसणारा माणूस. त्याने डब्यात नाणी टाकून दोन मेणबत्त्या घेतल्या आणि एक माझ्या हातात दिली.

"हे काय नवीन?"

"अशीच. लाव."

मी लावली. आई त्या पहाटे गेली होती. मित्राला सकाळीच, मी नाश्त्याचे पैसे देत असताना, फोनवर कळलं होतं. आईसाठी माझ्या हातून काहीतरी व्हावं अशी त्याने व्यवस्था केली होती. मला तेवढं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काओरला पोचल्यावर हॉटेलच्या अंगणात त्याने मला खुर्ची ओढून दिली.

"बस जरा."

मी बसलो.

"आई गेली तुझी."

"केव्हा?"

"काल पहाटे."

"कशाने?"

"न्यूमोनिया. मग सेप्सिस झालं."

"तुला केव्हा कळलं?"

त्याने स्वतःसाठी दुसरी खुर्ची ओढली. मी प्रश्न पुन्हा विचारला. बातमीदार असताना मी हे प्रश्न याच क्रमाने अनोळखी लोकांना विचारत असे.

"सोमवारी. तुझ्या भावाचा फोन आला होता. सीरियस आहे म्हणाले. पण तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मी काय करणार होतो?"

"सांगू शकला असतास."

"अरे, तू पोचलाच नसतास. रस्त्यात नुसता तडफडला असतास."

"सोमवारी मी काओरला येऊन ट्रेन धरली असती. पॅरिसहून विमान. मंगळवारी रात्री पुण्यात असतो."

"असं तू आता म्हणतोस. मी ऐकलं ते मेडिकली विचार करून ऐकलं, तिची कंडिशन—"

"तू तिला तपासलं होतंस?"

"नाही."

"मग ठरवलं कोणी?"

"तुझ्या भावाने," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि मी."

त्याच संध्याकाळच्या ट्रेनने मी निघालो. पासपोर्ट भारतीयच होता, त्यामुळे व्हिसाची अडचण नव्हती. सायकल त्याच्याकडे ठेवली. स्टेशनवर तो माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि सँडविच घेऊन आला. ते मी घेतलं नाही. गाडी सुटेपर्यंत तो ते धरून उभा होता.

पुण्यात सगळं उरकलं होतं. दादाने मला दारातच मिठी मारली आणि म्हणाला, "तुझी ट्रिप खराब होऊ नये म्हणून रे." हे वाक्य तो येणाऱ्या प्रत्येकासमोर म्हणत होता आणि प्रत्येक जण मान डोलावत होता. भेटायला आलेल्या एका काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "नशीबवान आहेस बाबा, असा भाऊ मिळाला."

दहाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनी वाढत होती. ती आईविषयी बोलत होती, सेवेला रजा कशी काढली, नर्स किती चांगल्या होत्या.

"डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवा म्हणत होते," ती म्हणाली. "व्हेंटिलेटर नव्हता ना तिथे. मंगळवारी सकाळी अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा आली होती दाराशी. पण आई तयारच होईनात."

"का?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी, भावोजी. आम्ही त्यांना सांगितलं होतं ना, तुम्ही विमानात बसलात म्हणून. म्हणजे जरा धीर राहील. तर त्यांनी तेच धरून ठेवलं. म्हणाल्या, 'तो थेट इथे येईल, मी नसले तर शोधत बसेल. तो आला की हलवा.' अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवली. भात घ्या ना थोडा."

मी दादाकडे पाहिलं. तो जेवत होता.

"तिला कोणी सांगितलं, मी विमानात आहे?"

"आता बोलून काय उपयोग," दादा म्हणाला.

मला सांगितलं होतं की आई देवळात आहे. आईला सांगितलं होतं की मी विमानात आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, प्रेमाने सांगितल्या होत्या. त्याचं प्रेम खरं होतं, हे मी नोंदवून ठेवतो. त्याने माझ्यासाठी आयुष्यभर खूप केलं आहे. म्हणूनच त्याला काही विचारता येत नाही आणि तोही त्या दिवसांविषयी काही सांगत नाही.

लीड्सला परतल्यावर एका शनिवारी मित्र आला. माझी सायकल त्याने बसने परत आणली होती. धुऊन, चेन पुसून, तेल घालून आणली होती. त्याने ती हॉलमध्ये भिंतीला टेकवली आणि तिथेच उभा राहिला. मी त्याला अ‍ॅम्ब्युलन्सची गोष्ट सांगितली. जितकी माहीत होती तितकी, क्रमाने. मग एक प्रश्न विचारला. ओळखीचा तो एकच डॉक्टर होता ज्याला मी हे विचारू शकत होतो.

"मंगळवारी सकाळी हलवली असती, तर वाचली असती का?"

त्याने वय विचारलं, शुगर विचारली, ऑक्सिजन किती होता ते विचारलं. शेवटचं मला सांगता आलं नाही. त्याने सायकलच्या हँडलवरचा हात काढला.

"काही फरक पडला नसता," तो म्हणाला.

तो खरं सांगत असेल. वय झालं होतं, सेप्सिस होतं, त्याचा अनुभव मोठा आहे. पण त्याला दुसरं उत्तर माहीत असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यानंतर मी दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारलं नाही. लीड्समधले मला माहीत असलेले डॉक्टर बहुतेक मराठीच आहेत.

"चहा टाकतोस?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो, आणि दार उघडून दिलं.