रिकाम्या चार सीट

सागपाड्यात वारं कुठल्या बाजूने वाहतंय हे ज्याला जाणून घ्यायचं असे, तो सुक्या टमटमवाल्याच्या गाडीत बसे. सुक्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चारोटी नाक्यावरून सागपाड्याला जायला त्याच्याशिवाय दुसरी गाडी नाही, आणि त्याच्या टमटममध्ये मागे दोन बाकडी समोरासमोर. तोंडाने माणूस काय वाट्टेल ते बोलेल. निवडणुकीच्या दिवसांत तो कोणाच्या मांडीला मांडी लावून बसतो, तिथे खोटं चालत नाही. समाजाचा आरसा की काय म्हणतात तो सुक्याच्या डोक्यावरच, देवाच्या फोटोशेजारी, थोडा तडकलेला असा लटकत होता.

एरवी त्या आरशात मोठं सुख दिसे. कागदोपत्री सहाची गाडी, सुक्याच्या मनाप्रमाणे अकराची. एकाच्या मांडीवर दुसऱ्याचं पोर, तिसऱ्याच्या पायाशी चौथ्याची कोंबडी, आणि चिकूच्या क्रेटवर काळूमामा, राजासारखे. चिकूवाडीत बेडणीने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने, चिकू उतरवत निम्मं आयुष्य काढून सुक्याने ही गाडी घेतली होती. "माझ्या गाडीत सगळा पाडा बसतो," हे तो इतक्या वेळा सांगे, की त्याची बायको हिरी म्हणे, "मग घरात कोण बसतं?"

आणि निवडणूक लागली. सरपंचपद बायकांसाठी राखीव. वरच्या पाड्यातून कविता उभी राहिली, खालच्यातून संगीता. वरचे म्हणू लागले, खालचे आले तर आपलं नळाचं पाणी तोडतील. खालचेही नेमकं हेच म्हणू लागले. नळ अजून कुठल्याच पाड्यात आलेला नव्हता. पण न आलेलं पाणी तोडलं जाणार, याबद्दल दोन्हीकडे शंका नव्हती! तिकडे वाढवणला बंदर होईल की नाही याचा पत्ता नव्हता, तरी तिथल्या नोकऱ्या "त्यांचीच पोरं लाटणार" हे मात्र दोघांनी ठरवून टाकलं.

टमटममध्ये डावं बाकडं वरच्यांचं झालं, उजवं खालच्यांचं. गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून माणसं तिरकी बसू लागली. काळूमामा खालच्या पाड्याचे. डाव्या बाकड्यावर जागा असली तरी ते मागे लोंबकळत येत. "तिथं बसलो तर फुटलो म्हणतील रे," ते सुक्याच्या कानात सांगत.

निकालाच्या सकाळी हिरीने त्याच्या हातात डबा देताना मुद्द्याचं सांगितलं, "आज जिंकणारे तुझ्या गाडीतनं नाचत येतील. एकदा ती त्यांची गाडी झाली, की उद्यापासून हरलेले पाय ठेवणार नायत. मग चालव निम्मा पाडा घेऊन!"

सगळा पाडा बसणारी गाडी, हेच तर त्याचं सगळं होतं.

दुपारी चारोटी नाक्यावर डहाणूची एसटी थांबली आणि गुलालाचा ढगच खाली उतरला. कविता जिंकली! तिचा नवरा जीवन इतका नाचत होता, की निवडून तोच आलाय असं नाक्याला वाटलं. सातजण आरडाओरडा करत टमटममध्ये शिरले. कविता पुढे, सुक्याच्या डाव्या हाताला.

त्याच एसटीतून मागच्या दाराने संगीता, काळूमामा आणि त्यांचे दोघेजण गुपचूप उतरले होते. ते समोरच्या वडापावच्या गाडीपाशी पाठ करून उभे राहिले.

"सोड गाडी!" जीवन ओरडला.

"चार सीट रिकाम्या हायत," सुक्या म्हणाला.

"अरे, आज मिरवणूक आहे!"

"असू दे. भरल्याशिवाय सुटत नाय."

"रिकाम्या सीटचं भाडं मी देतो, चल!"

"सीटला भाडं नाय लागत, जीवनभाऊ. माणूस लागतो."

एवढं बोलून सुक्याने चावी काढून खिशात टाकली. आयुष्यात इतका ताठ तो आरटीओसमोरसुद्धा बसला नव्हता.

जीवनचा फोन वाजला. पाड्यावर डीजे लावून माणसं ताटकळली होती, आणि डीजेवाल्याला संध्याकाळी तलासरीला हळदीची ऑर्डर होती. "येतोय, येतोय, निघालोच!" जीवन फोनवर म्हणत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. मग त्याने रस्त्यापलीकडे हाक मारली, "ओ मामा! या ना! बसा!"

"तुमची वरात जाऊ द्या पुढं," मामा वडा चावत म्हणाले, "आम्ही पुढच्या फेरीला येऊ."

"पुढची फेरी नाय," सुक्या ओरडला. "आज एकच!"

हे त्याने त्याच क्षणी ठरवलं होतं.

मागे कुजबुज, शिव्या, परत फोन. शेवटी कविताच खाली उतरली. केसांपासून चपलेपर्यंत गुलाबी झालेली ती बाई ट्रक चुकवत रस्ता ओलांडून गेली.

"वैनी, चल," ती संगीताला म्हणाली.

"तुझ्या वरातीत मी नाचू?"

"वरात पाड्यावर गे. हितनं तिथवर नुसती गाडी."

संगीताने तिला वर-खाली पाहिलं. "मला गुलाल लावायचा नाय. आणि मी पुढं बसणार."

"बस. माझ्या बापाची हाय का गाडी?"

सुक्याचे कान तृप्त झाले.

एक सरपंच डावीकडे, एक पडलेली उजवीकडे आणि मधे हँडलला चिकटलेला सुक्या. निघाल्याबरोबर भांडण सुरू झालं. "टाकी कुठं बांधणार ते आत्ता सांग!" "मधोमध बांधीन!" "मधोमध म्हंजे तुझ्या अंगणात का?" मागे काळूमामांना जागा मिळाली ती नेमकी जीवनच्या मांडीवर. खड्डा आला की अख्खी गाडी डावीकडे, दुसरा आला की उजवीकडे. खड्ड्यांनी कोणाचंही पॅनल पाहिलं नाही. वाऱ्याने कविताच्या अंगावरचा गुलाल उडत होता तो सुक्यावरून संगीतावर आणि तिथून मागे मामांच्या मिशीत.

पाड्याच्या तोंडाशी गाडी पोचली तेव्हा आतली अकराही माणसं एकाच रंगाची होती. डीजे दणाणला, गर्दी धावली. पुढच्या गड्याने हार उगारला, समोर दिसलेल्या पहिल्या गुलाबी बाईच्या गळ्यात घातला आणि "सरपंचबाईंचा..." म्हणून गर्जना केली.

हार संगीताच्या गळ्यात होता.

डीजेवाल्यानेसुद्धा आवाज कमी केला. जीवन मामांच्या खालून निघायला धडपडत होता. संगीता खाली उतरली, हाराकडे पाहिलं, तो काढला आणि गाडीला वळसा घालून कविताच्या गळ्यात घातला.

"घे. पण टाकी नाय आली तर ह्याच हारासकट तुला पाणी भरायला उभी करीन."

"उभी राहीन!" कविता म्हणाली. अशी शिट्टी पडली की झाडावरच्या घारी उडाल्या.

सुक्या गाडीपाशीच उभा होता, घामाने गुलाल गालावरून ओघळत. नाचणाऱ्यांतून वाट काढत काळूमामा त्याच्याकडे आले.

"सुक्या, उद्या पहिल्या फेरीला माझी जागा ठेव."

"कुठं ठेवू, मामा? उजव्या बाकड्यावर?"

"नाय," मामा मिशी झटकत म्हणाले. "जीवनच्या शेजारी. त्याला अजून बरंच काय काय ऐकवायचं राह्यलंय."