भाकरी करपली तर ठेवायचं

बघा बाई, तुमी हे जुनं पुस्तक घेऊन आलात, त्याच्यावर छापलंय ते माझ्या मालकांचं नाव. मी तोंडानं कधी घेतलं न्हाय, आता म्हातारपणी काय घेऊ? छापखान्याचे गुरुसिद्धप्पा दारातनं हाक मारायचे, "रेवणप्पा, हायस का घरात?" तेवढं सांगते.

लोकान्ला वाटायचं, राक्षस, नाग, पाण्याखालची नगरं लिहिणारा माणूस म्हणजे कसा असंल! कसला वो! मंगळवार पेठेत कापडाच्या दुकानात दिवसभर लुगडी उलगडायची आणि बायका नको म्हणल्या की परत घडी घालायची. संध्याकाळी कापडाच्या गठ्ठ्यावरचे जाड कागद काखेत मारून घरी यायचे. त्याच्या कोऱ्या बाजूला सगळी राज्यं. घरात मीठ हाय का संपलं, पत्ता न्हाय, पण राक्षसाच्या सैपाकघरात किती रांजण हायत ते तोंडपाठ.

लिहायची रीत मात्र एकच. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला इभूत, आणि माझ्या चुलीपुढं पाट टाकून बसायचं. मी भाकऱ्या थापत असायची. मी वळसंगची, आमच्या घरात कानडी. पुस्तक मराठीत, आणि मला तर अक्षरच येत न्हाय. म्हणून आदल्या दिवशी लिहिलेलं मला कानडीत सांगायचे. सांगताना माझ्या तोंडाकडं न्हाय, तव्याकडं बघायचे. ऐकता ऐकता मी रमले आणि भाकरी करपली, की मांडीवर थाप मारून, "ठेवायचं!" भाकरी चांगली निघाली, की तो कागद चुलीत. करपलेली त्यांनीच खायची, शेंगाचटणी लावून, असा नेम. मी वरडायची, "अवो, ज्वारी काय फुकट येती का?" तर नुसते हसायचे.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या पुढच्या वर्साची गोष्ट. आधीचं पुस्तक संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत तसंच पडून राहिलं होतं. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "रेवणप्पा, आता हे नवं एकच छापतो. हेबी न्हाय खपलं तर मी आपला पंचांगं छापीन." ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, "मग मीबी लेखणी मोडून टाकतो." म्हणाले हसत, पण त्या दिवशी जेवले न्हाईत.

तुमच्या हातातल्या ह्या पुस्तकात अक्कम्मा नावाची एक सून. तळ्यावर पाण्याला जाती आणि तळ्याखालच्या नगरात अडकून बसती. सुरवातीला आठ दिवसांत माझ्या सहा भाकऱ्या करपल्या बघा. मग ती त्या नगरात पोचली आणि काय बिनसलं कुणाला ठावं. बारा दिवस एक भाकरी करपली न्हाय. सगळ्या कशा पांढऱ्याफेक, टम्म फुगलेल्या. रोज कागद चुलीत. दुकानातनं येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला ते बघवंना.

तेराव्या दिवशी मी तव्यावरची भाकरी उलटलीच न्हाय. धूर निघाला तसे पाटावरनं उठलेच. "करपली! चंद्रव्वा, करपली की गं!" त्यांचं तोंड बघून मलाच लई बरं वाटलं. मग काय, रोजच. दिवाळीपासनं संक्रांत जवळ येईस्तवर रोज एक भाकरी मी मुद्दाम करपवली. ते खायचे, लिहायचे, आणि गुरुसिद्धप्पा कागद छापखान्यात न्ह्यायचे.

गड्ड्याला आठ दिवस राहिले असतील. ते पाटावर बसले आणि त्यांना ठसका लागला. पाणी प्याले, परत ठसका. अजून एक शब्दबी बोलले न्हवते, आणि हिकडं माझी भाकरी काळी ठिक्कर. हाताला सवयच लागली होती, काय करू!

त्यांनी तव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"कधीपासनं?"

मी खरं तेच सांगितलं. "अक्कम्मा तळ्याखाली गेली तवापासनं."

वाटलं, आता ताट भिरकावतील. पण त्यांनी ती भाकरी घेतली आणि एकेक कोर मोडून सगळी खाल्ली. मग म्हणाले, "रोज मी खोटंच लिहितो गं. एक तुझा तवा खरा होता."

मी रडले. मग मला रागबी आला. म्हणलं, "खरं पायजे ना? मग ऐका. राजपुत्र लढतायत, नाग फुत्कारतायत, आणि ती अक्कम्मा बारा वर्सं नुसती रडतीय. तिला भूक लागत न्हाय व्हय? बाईमाणूस कुटंबी जाऊ दे, आधी तीन दगड शोधंल आणि चूल मांडंल!"

"पाण्यात चूल कशी पेटंल?"

"ते तुमी बघा. जादू तुमची हाय."

त्यांनी छापखान्यातनं सगळे कागद परत आणले. गुरुसिद्धप्पा दारात येऊन वरडून गेले, "गड्डा चुकवलास, आता कोण घेणार हाय तुझं पुस्तक?" पुढचे तीन महिने ह्यांनी मला एक अक्षर सांगितलं न्हाय. सकाळी जेवायचे आणि दुकानाला जायचे. माझ्या भाकऱ्या चांगल्या निघायच्या, आणि मला त्या चांगल्या भाकऱ्यांचाच राग यायचा. माझ्यावरचा भरवसा माझ्याच हातानं घालवला होता मी. रोज वाटायचं, आज बोलतील.

चैतात एक दिवस पाटावर बसले आणि घसा खाकरला.

"अक्कम्मानं तळ्याच्या तळाचे तीन दगड उचलले," म्हणाले. माझे हात थापायचे थांबले. "जळण न्हवतं. मग तिनं आपलं लग्नातलं लुगडं घडी घडी करून चुलीत घातलं. पाण्यात जाळ धरला. धूर पाण्यातनं वर निघाला. आणि वर काठावर तिचा नवरा, बारा वर्सं तितंच बसलेला. त्यानं बघितलं, तळ्याच्या मधोमध धूर..."

तितं ते थांबले. सवयीनं तव्याकडं बघितलं. भाकरी करपलेली न्हवती. त्यांचं तोंड एवढंसं झालं. कागद चुलीकडं न्ह्यायला लागले.

मी तसाच पिठाचा हात पुढं करून त्यांचा हात धरला.

"अवो, बघा की नीट. तवा खाली उतरवलाय. चूलबी विझवली मी कवाच. भाकरी सांभाळत ऐकायची गोष्ट हाय का ही? सांगा की पुढं, त्यानं उडी मारली का न्हाय?"