मराठीतच रडायचं

माझ्या थेरपिस्ट गेल्या त्या आठवड्यात मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. ऑफिसनं घरून काम करणं बंद करून सगळ्यांना गुडगावला परत बोलावलं होतं. मुलगा चार वर्षांचा, त्याची शाळा दुपारी सुटते. नवरा लखनौचा, त्याच्या घरचे तिकडेच. माझे आई-बाबा मात्र आमच्यासारखेच दिल्लीत द्वारकेला, दोन सेक्टर पलीकडे. बाबांनी फोन करून सांगूनच टाकलं, "आमच्याकडे ठेव त्याला दुपारभर. मराठी तरी धड बोलेल." यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? तरी फोन ठेवल्यावर मी हातातला काचेचा पेला सिंकमध्ये इतक्या जोरात आपटला की त्याचा चुरा झाला, आणि मला फार बरं वाटलं.

तसा माझ्या अंगात राग पहिल्यापासून होता, पण मी त्याला स्वभाव म्हणायचे. थेरपीला जायचं कारणही राग नव्हतं, दाढ होती. झोपेत दात इतके करकरा चावायचे की एक दाढ उभी चिरली. दातांच्या डॉक्टरनं एक्स-रे पाहून विचारलं, "मॅडम, आप किसको चबा रही हैं?" आणि एका कागदावर या बाईंचं नाव लिहून दिलं.

त्या लाजपत नगरला बसायच्या, एका पडद्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्याला. साठीच्या पंजाबी बाई, केस पिकलेले, पायात घरातल्या चपला. बोलायच्या अस्सल दिल्लीच्या हिंदीत. मी दर गुरुवारी जायचे आणि बरेच महिने त्यांना ऑफिसातली राजकारणं ऐकवत बसले. मग एकदा त्यांनी विचारलं, घरी कसं होतं? मी म्हटलं, मस्त. आणि आमच्या घरातला सगळ्यात गाजलेला किस्सा सांगितला.

किस्सा असा. बाबा सांगलीचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्हाला सरोजिनी नगरला क्वार्टर होतं. दिल्लीत राहून पोरगी बाटेल ही त्यांना धास्ती. म्हणून घरात नियम होता, उंबऱ्याच्या आत हिंदी शब्द आला की फटका. 'लेकिन' म्हटलं, फटका. 'अच्छा' म्हटलं, फटका. एकदा मी खाली पार्कात झोपाळ्यावरून पडले, गुडघा फुटला. सगळी पोरं पंजाबी नाहीतर युपीची, खेळणं हिंदीत, त्यामुळे रडूही हिंदीतच आलं. मी तशीच घरात पळत आले, "मम्मी, खून निकल रहा है!" बाबा दारातच उभे. म्हणाले, "आधी मराठीत सांग." मला सांगता येईना. कानाखाली बसली. पुन्हा, "मराठीत सांग." पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी मी भेलकांडत जाऊन लोखंडी कपाटाच्या कडीवर आपटले. शेवटी मी म्हणाले, "बाबा, रक्त येतंय," तेव्हा सुटका झाली. आईनं हळद लावली आणि फरशी पुसून घेतली.

आमच्या मंडळाच्या गणपतीत बाबा हा किस्सा दरवर्षी रंगवून सांगायचे. "पण रक्त येतंय म्हणेपर्यंत सोडली नाही!" यावर हशा ठरलेला. मग ते मला पुढे ढकलायचे आणि मी ते वाक्य अगदी अभिनयासकट म्हणून दाखवायचे. कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मला मिळालं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, दिल्लीत वाढून इतकं शुद्ध मराठी कसं? बाबांनी नुसता उजवा हात वर करून दाखवला. लोक पोट धरून हसले. मीही हसले.

हेच सगळं मी हावभावांसकट थेरपिस्टना सांगितलं आणि हशासाठी थांबले. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इसमें हँसने वाली बात कौन-सी है? मैं ढूँढ रही हूँ." मी म्हटलं, अहो, पूरा मंडल हँसता है. त्या म्हणाल्या, "कितनी बड़ी थीं आप?" पहिलीत. "और अलमारी पर क्या लगा था?" माझा हात आपोआप डाव्या कानामागे गेला. तिथे खाच आहे. त्या कानानं मला कमी ऐकू येतं, मीटिंगमध्ये मी कायम डाव्या टोकाला बसते म्हणजे सगळे उजवीकडे येतात. हे मी का करते ते मला तोवर कधी उमगलंच नव्हतं. मी त्यांच्यासमोर तोंडावर उशी दाबून ओरडले. गुरासारखी ओरडले. खालून पडद्यांच्या दुकानातला माणूस वर येऊन विचारून गेला, सब ठीक है?

त्यानंतर एकेक बाहेर यायला लागलं. फुटपट्टी, पट्टा, उलटं धरलेलं लाटणं. बोटांच्या पेरांवर मारलेलं, पोटरीवर मारलेलं, परीक्षेच्या दिवसांत मुद्दाम डाव्या हातावर मारलेलं, म्हणजे लिहायचा हात शाबूत राहील. रडताना हिंदी शब्द निसटला की पुन्हा पहिल्यापासून. आई बाहेरच्या खोलीतला टीव्ही मोठा करायची. आणि हेच बाबा दर संक्रांतीला आम्हाला पानिपतला काला अंबच्या स्मारकाला न्यायचे, पिशवीत तिळगूळ, आणि तिथल्या खांबापुढे उभे राहून ढसाढसा रडायचे. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी त्यांना रडू यायचं. मला त्यांचा त्या वेळी अभिमान वाटायचा, हे सांगताना मला आजही थुंकावंसं वाटतं.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा ध्यानात आली. हे सगळं मी हिंदीत सांगत होते. हिंदीत मला कुणी मारलं नव्हतं. त्या खोलीत मी हिंदीत रडले आणि पहिल्यांदाच माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही.

बाबांच्या त्या फोननंतर, शेवटच्या गुरुवारी, मी थेरपिस्टना मुलाबद्दल विचारलं. बाबा आता म्हातारे आहेत, नातवावर जीव टाकतात, त्याला कधी बोटही लावलेलं नाही. मग मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? त्या म्हणाल्या, "आपका पेट क्या कहता है?" मी म्हटलं, पोट म्हणतं पळ. वेळ संपली होती. त्या दारापर्यंत आल्या, "अगले हफ़्ते इसी पर बात करेंगे." पुढच्या मंगळवारी त्यांच्या नंबरवरून मेसेज आला. तो त्यांच्या मुलीनं लिहिला होता. "मम्मी नहीं रहीं. आपकी सारी अपॉइंटमेंट्स कैंसिल हैं."

पंजाबी घरांत चौथ्या दिवशी प्रार्थनासभा असते. मी गेले. पांढऱ्या चादरींवर लोक बसले होते, पुढे हार घातलेला फोटो. त्यात त्या इतक्या तरुण की मी ओळखलंच नाही. एका काकूंनी विचारलं, "आप दीदी को कैसे जानती थीं बेटा?" काय सांगणार? मी म्हटलं, "बस ऐसे ही, कॉलोनी से." माझ्यामागे एक मुलगा बसला होता, तोही म्हणाला कॉलोनी से. कोपऱ्यात एक बाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या, त्याही कॉलोनीतल्याच. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि लगेच नजरा वळवल्या. थेरपिस्टची मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती. मला तिचा इतका हेवा वाटला की तिचे केस धरून ओढावेसे वाटले. तुला आयुष्यभर मिळाली, मला आठवड्याचा एक तास, आणि तोही अर्ध्यात काढून घेतला.

परतताना रिंग रोडच्या सिग्नलला मागचा एसयूव्हीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी गाडीतून उतरले आणि त्याच्या बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या. आपटतच राहिले. शिव्या दिल्या, त्या मात्र तोंडातून अस्सल मराठी निघाल्या. तो चांगला पहिलवानासारखा धिप्पाड माणूस, पण तो बायकोला म्हणाला, "पागल है, देखना मत," आणि त्यानं काच वर घेतली. हात आठवडाभर सुजलेले होते.

मैत्रीण म्हणाली, अगं, आता मराठी थेरपिस्ट बघ, मातृभाषेत मन मोकळं होतं. मलाही पटलं. दिल्लीतल्या आम्हा मराठी माणसांना मराठी कुणी भेटलं की देव भेटल्यासारखं वाटतं, तशी मी भाळले. पुण्याच्या एक बाई ऑनलाइन सेशन घ्यायच्या. मृदू आवाज, मागे तुळशीची कुंडी. मी बोलायला लागले, आणि माझ्या तोंडून वक्तृत्व स्पर्धा बाहेर पडली. वाक्य कसं रेखीव, शब्द कसा चपखल. "बाबा शिस्तीचे होते," "थोडा धाक असायचा," असलं काहीतरी. एक हुंदका नाही. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "एक सांगू? दिल्लीत वाढूनही तुमचं मराठी किती सुंदर आहे हो!" मी लॅपटॉप असा मिटला की त्याची बिजागरी तुटली. त्यांची चूक नव्हती. त्यांना मी मारून मुटकून घडवलेली वस्तू दाखवली होती आणि त्यांनी तिचं कौतुक केलं, इतकंच.

मग इसी पर बात करायला कुणी उरलं नाही. रविवारी आम्ही आई-बाबांकडे जेवायला गेलो, नवरा गाडी लावायला जागा शोधत खालीच राहिला होता. बाबांनी मुलासाठी नवं गोष्टींचं पुस्तक, खडू, छोटी गादी, सगळी तयारी करून ठेवली होती. माझं मन विरघळायला लागलं. वाटलं, म्हातारा माणूस, हौस आहे, असू दे. पानं वाढली. मुलगा वरणभात कालवत म्हणाला, "नाना, और घी."

बाबा हसले. खरंच प्रेमानं हसले. म्हणाले, "और घी नाही, अजून तूप. तुला गंमत सांगू? तुझी आई पण अशीच हिंदी बोलायची लहानपणी. मग एकदा काय झालं, तिला लागलं, रक्त आलं..." आणि किस्सा सुरू झाला. तोच दरवाजा, तोच कपाटावरचा आवाज, धप्प, आणि मुलगा खदखदून हसायला लागला. आईही पदराआड हसली. बाबा माझ्याकडे वळले, "म्हण की ते वाक्य."

मी ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. वरण, भात, लोणचं, सगळं कॅलेंडरवरून खाली ओघळायला लागलं. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. बाबा ताडकन उठले, खुर्ची मागे पडली, आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

आणि मी, अडतीस वर्षांची बाई, हाताखाली टीम असलेली, रिंग रोडवर पहिलवानाला घाबरवणारी, खाली वाकले. मान खांद्यांत गेली, दोन्ही हात डोक्यावर आणि डावा कान दंडाखाली. मी ठरवून काही केलं नाही. ते आपोआप झालं, आणि अगदी सरावानं झालं.

फटका आला नाही. मी डोळे उघडले तर बाबांचा हात तसाच वर, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. ते मुलाकडे बघत होते. तो खुर्चीवर वाकला होता. मान खांद्यांत, दोन्ही हात डोक्यावर. त्याला आयुष्यात कुणी मारलेलं नाही. त्यानं माझं बघून केलं होतं.

बाबांनी हात खाली घेतला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "मी त्याला कधी बोट तरी लावलंय का?" ते म्हणाले. आवाज चिडका होता.

"नाही लावलंत," मी म्हणाले. "तो तुमच्याकडे राहणार नाही, बाबा. एक दुपारसुद्धा नाही. तुम्ही मला मारलंत. ती गंमत नव्हती. मला फार लागायचं आणि मला तुमची भीती वाटायची. अजून वाटते." हे सगळं मराठीत आलं. वाक्यं तुटकी होती आणि नाकातून पाणी वाहत होतं. आई फडकं घेऊन भिंत पुसायला लागली होती. मागे न वळता म्हणाली, "जेवून तरी जा." मी मुलाला उचललं आणि बाहेर पडले.

लिफ्टमध्ये शिरल्यावर मला वाटलं, आत्ता, या क्षणी, लाजपत नगरला जावं आणि त्या खुर्चीत धपकन बसावं. त्या नव्हत्या. मला त्यांचा भयंकर राग आला, इतका की लिफ्टच्या पत्र्याला लाथ मारायला मी पाय उचललासुद्धा. मग मुलाकडे लक्ष गेलं. खाली उतरवल्यावरही त्यानं हात डोक्यावरून काढले नव्हते. मी पाय खाली ठेवला. त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्याचा एकेक हात धरून हळूहळू खाली घेतला. दुसरा हात घ्यायला बराच वेळ लागला.