माहेरचं नाव

सरकारी दवाखान्याच्या खिडकीत एक मुलगी कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा तेच नाव घालत होती. बाहेर एक बाई कळा सोसत उभी होती. तिचं पहिलं बाळंतपण इथंच झालं होतं, तेव्हा फार रक्त गेलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंना जुना कागद हवा होता.

"नावच नाही यात," मुलगी म्हणाली.

मी गुडघ्याच्या गोळ्यांसाठी रांगेत होते. म्हटलं, "अगं, पहिलटकरीण माहेरी येते. बापाच्या नावानं बघ."

"आजी, मध्ये बोलू नका."

"मग आईला विचार, तुला कुठं जन्म दिला ते!"

रांग हसली. मुलीनं त्या बाईला विचारून तिच्या बापाचं नाव घातलं आणि कागद सापडला. बाळबाळंतीण सुखरूप आहेत.

यंत्राला मी दोष देत नाही. सांगितलेलं ते विसरत नाही. पण बाईला दोन घरं असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातले रकाने मांडणाऱ्या बाप्यांना कधी नाव बदलावं लागलं होतं?

परवा गेले, तर तीच मुलगी विचारते, "आजी, माहेरचं नाव?" आता प्रत्येकीसाठी तसा रकाना केलाय. साठ वर्षांनी मी ते नाव उच्चारलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.