गिमेल म्हणजे उंट, बहुतेक

गेल्या वर्षी इथे, हिंदी मुलखात, आमच्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत माझी मुलगी दुसऱ्या मिनिटाला अडकली आणि रडत खाली उतरली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. यंदा एका अटीवर तयार झाली: बाबांनी मध्ये काहीही बोलायचं नाही.

विषय तिचाच. प्राचीन अक्षरांना नावं कशी पडली? फिनिशियन लिपीत बावीस अक्षरं. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर. नावाचा पहिला आवाज तोच अक्षराचा. मी तिला तक्ता करून दिला. जिथे जाणकारांचं एकमत नाही, तिथे प्रश्नचिन्ह, आणि भाषणात दर प्रश्नचिन्हामागे 'असे काहींचे मत आहे' हे वाक्य. चार मिनिटांचं भाषण सव्वासहा मिनिटांवर गेलं.

"बाबा, ये भाषण है की ऑडिट?" असं विचारून तिने सगळी मतं छाटली.

स्पर्धेत आलेफ, बेथ ठीक गेले. मग ती ठणकावून म्हणाली, "गिमेल म्हणजे उंट." या उंटाबद्दल मतभेद आहेत. मी नकळत खुर्चीतून अर्धा उठलो. तिने मला पाहिलं आणि चौथ्या अक्षरावर थांबली. बायकोने बाही ओढून मला खाली बसवलं. मी घड्याळ पाहू लागलो. सहा सेकंद. नऊ. अकरा. हे माझ्यामुळे झालं होतं.

मुलीची नजर सभागृहाच्या दाराकडे गेली. "दालेथ," ती म्हणाली, "म्हणजे ते दार." मग कागद खाली गेला आणि बोट वर आलं. ऐन म्हणजे डोळा, पे म्हणजे तोंड, समोर जो दिसेल त्याचं. "आपण नाही का म्हणत, बाणातला ण? बस, वैसंच." रेश म्हणजे डोकं, त्यासाठी माझं टक्कल वापरण्यात आलं. शिन म्हणजे दात म्हटल्यावर परीक्षक आजोबांनी स्वतःहून कवळी काढून दाखवली.

चार मिनिटांची घंटा झाली. ती हलेना. कवळी परत बसवून आजोबांनी घंटा पुन्हा वाजवली.

"थांबा ना आजोबा," ती माईक धरून म्हणाली, "अजून चौदा अक्षरं बाकी आहेत."

आकडा बरोबर होता.